घड्याळ मागे आहे

आत्याच्या घरापासून वाचनालय चालत चार मिनिटांवर आहे. माझ्या पुण्यातल्या घरापासून तिथे जायला, आंबोली घाटात धुकं नसेल तर, नऊ तास लागतात. तरीही गेली दोन वर्षं कित्येकदा मी आत्याच्या आधी वाचनालयात पोचायचो. ती चहाची कपबशी विसळून, छत्री शोधून, कुलपाची किल्ली कनवटीला लावून निघेपर्यंत मी ब्राउझर उघडून, सहा आकडी पिन टाकून तिच्या टेबलावरच्या पडद्यात शिरलेला असायचो. संगणक रात्री चालूच ठेवायचा असं मी तिला सांगून ठेवलं होतं. वीज वाया जाते म्हणून ती कुरकुरायची, पण ठेवायची.

वाचनालय सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावात आहे, ‘ड’ वर्गाचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांची जी अ, ब, क, ड अशी उतरंड लागते, तिची शेवटची पायरी. आत्या एकाहत्तर वर्षांची. कागदोपत्री ती ग्रंथपाल. प्रत्यक्षात झाडण्यापासून दाखल नोंदवही लिहिण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. संगणक एका चाकरमान्याने गणपतीला येताना आणून दिलेला, मुंबईच्या कचेरीतून निवृत्त झालेला. त्यावर एक्सेलमध्ये मी पुस्तकांची यादी आणि देवघेवीचा तक्ता करून दिला. पुस्तक दिलं की रकान्यात जायचं, कंट्रोल धरून अर्धविराम दाबायचा, आजची तारीख उमटते. ही युक्ती आत्याला फार आवडली. ‘अर्धविरामात आख्खी तारीख!’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पहिल्यांदा जोडणी करताना मात्र आम्ही दोघंही घाईला आलो होतो. कायमची सोय लावण्याआधी एकदा तिने तिच्या पडद्यावरचा बारा आकडी कोड मला फोनवर सांगायचा आणि तो मी इकडे टाकायचा, एवढंच काम. कोड पाच मिनिटांत शिळा होतो. आत्याने आकडे जोडीजोडीने वाचायला घेतले, किराणा दुकानाच्या वहीसारखे. ‘एकोणऐंशी, सदुसष्ट, त्र्याण्णव…’ मी थांबलो. एकोणऐंशी म्हणजे एकोणसत्तर की एकोणनव्वद? गेली वीस वर्षं मी आकडे इंग्रजीत मोजतोय, हे मला त्या क्षणी कळलं. त्र्याण्णव आणि त्र्याऐंशी यांच्यात मी चाचपडत असताना पाच मिनिटं संपली. नवा कोड आला, त्यात सत्त्याऐंशी आणि सत्त्याण्णव दोन्ही होते. तिसऱ्या खेपेला आत्या म्हणाली, ‘तुका एकेक करून सांगतंय, लहान पोरांका सांगतत तसा.’ आणि तिने एकेक आकडा सुटा करून सांगितला.

जोडणी झाली आणि तिच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. वाचनालयात गोष्टीची पुस्तकं बदलायला आलेली पोरं खुर्चीमागे जमली. त्यांनी त्याला ‘भुताचो उंदीर’ असं नाव ठेवलं, ते अजून टिकून आहे. भुताला आपला रुबाब फार काळ टिकवता आला नाही. एक फाइल बंद करायला मी सवयीने कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं. पण मी ब्राउझरच्या खिडकीतून तिथे गेलेलो, त्यामुळे हुकूम आधी माझ्याच ब्राउझरने ऐकला आणि तिच्या फाइलऐवजी माझी खिडकी बंद केली. फोनवर आत्याचा आवाज: ‘गेलंस काय रे?’ परक्या घरात पाहुणा म्हणून जावं आणि दार लावायला गेलेलं आपणच बाहेर राहावं, तसं ते झालं. असे बरेच छोटे अडथळे असतात. नवा प्रोग्रॅम बसवायला गेलं की ‘परवानगी द्यायची का’ अशी खिडकी येते. ती कित्येकदा दूरच्या माणसाला दिसतच नाही, त्याच्याकडे चित्र गोठून राहतं आणि खुर्चीवर प्रत्यक्ष बसलेल्याने ‘हो’ म्हणावं लागतं. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, यंत्राला समोर बसलेल्या माणसाची किंमत माझ्यापेक्षा जास्त होती.

कारण कायमची पिन ठरल्यावर मी आत्याला फोन करणंच सोडून दिलं. विचारायचं काय? सगळं दिसत होतं. प्रिंटर अडला की तिचा एक मिस्ड कॉल यायचा, मी शिरायचो, छपाईच्या रांगेत अडकलेली पानं काढून टाकायचो, निघून यायचो. आधी एखादी छपाई अडली की वीस मिनिटांचा फोन व्हायचा आणि त्यात काजू मोहरला का, शेजारच्या वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं, हेही यायचं. आता दोन मिनिटांत मोकळं. मी याला प्रगती म्हणत होतो.

इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला होता. भांडं एका खोलीत, माणसं इमारतभर विखुरलेली. जिने चढून यावं आणि भांडं रिकामं निघावं, हे टाळायचं होतं. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करडं चित्र आपापल्या पडद्यावर दिसायचं. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि ज्यांना ती कॉफी कधीच प्यायला मिळणार नव्हती असे लोक जगभरातून ते भांडं बघत बसले. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद झाला. ते चित्र पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिणारे क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर हे पुढे केंब्रिजमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत व्हीएनसी घडवणाऱ्या चमूत होते. एका यंत्राचा पडदा दुसऱ्या यंत्रावर उमटवायची जी पद्धत आज ब्राउझरमधूनही चालते, तिच्या पूर्वजांपैकी हे एक. मला या गोष्टीतलं एवढंच नेहमी आठवतं, की त्या चित्रात कॉफी किती आहे ते कळायचं. ती गार झाली आहे की नाही हे कळायला कुणाला तरी उठून जावंच लागायचं.

२०२४ च्या नवरात्रात वाचनालयाचा संगणक माझ्या यादीत करडा पडला. नावाखाली एकच शब्द: ऑफलाइन.

हा शब्द मोठा आळशी आहे. यंत्र बंद असेल, झोपलं असेल, वीज गेली असेल, तार तुटली असेल, पलीकडचा प्रोग्रॅम मेला असेल, सगळ्याला एकच नाव. गावात कुणाकडे फोन लागत नाही म्हणून ‘माणूस नाही’ असं कुणी म्हणत नाही. शेतात असेल, देवळात असेल, चार्जिंग संपलं असेल. मी आधी झोपेचा संशय घेतला. पडदा काळा होणं वेगळं आणि यंत्र झोपणं वेगळं: पहिल्यात डोळे मिटलेले असतात पण हाक ऐकू येते, दुसऱ्यात हाकही पोचत नाही. आत्याला फोन करून संगणक चालू आहे का विचारलं. चालू होता. पंखा आवाज करत होता. तिच्या मोबाइलवर त्याच राउटरवरून भावजयीने पाठवलेला घटस्थापनेचा व्हिडिओसुद्धा नीट चालत होता.

म्हणजे इंटरनेट आहे, यंत्र आहे, आणि तरीही भेट नाही. मग माझं लक्ष मधल्या वाटेकडे गेलं, आणि ही वाट खरोखरच गुंतागुंतीची आहे. आत्याच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. तसाच पत्ता माझ्या घरातल्या यंत्राचाही असतो आणि जगातल्या असंख्य घरांतल्या यंत्रांचाही, कारण हे पत्ते घरापुरतेच. मूळ पद्धतीत पत्ते साधारण ४२९ कोटी, आणि यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून एका सार्वजनिक पत्त्याआड आख्खं घर, कधी कधी आख्खी वाडी राहते. कोकणात वाडीतल्या पत्त्यांत घराचा क्रमांक सहसा नसतो, पोस्टमन माणूस ओळखून पत्र देतो. बाहेरचा अनोळखी थेट घरात शिरू शकत नाही. मग दोघांना भेटायचं तर काय करतात? दोघंही आपापल्या घरातून बाहेर पडून देवळाच्या पारावर येतात. ब्राउझरमधली जोडणी बरीचशी अशीच होते. दोन्ही यंत्रं आधी आतून बाहेर एका ओळखीच्या सर्व्हरला हाक देतात. ‘बाहेरून माझा पत्ता काय दिसतो?’ असं एकाला विचारतात, त्याला स्टन म्हणतात. थेट वाट सापडली तर उत्तम. नाही तर मधला एक निरोप्या दोघांचं बोलणं इकडून तिकडे वाहून नेतो, तो टर्न. आत्याचा संगणक पारावर येतच नव्हता. का येत नव्हता, हे मी पुण्यात बसून ओळखणार होतो.

दोन संध्याकाळी मी तिला छळलं. राउटर बंद कर, तीस मोज, चालू कर. मागची निळी तार काढ, परत लाव. विषाणूरोधकाच्या चिन्हावर उजवी टिचकी दे. फायरवॉल नावाचं काही दिसतं का बघ. ती मध्येच म्हणाली, ‘हय काय तरी खिडकी इली हा, वाचून दाखवू?’ मी म्हणालो, ‘ते राहू दे आत्ये, इंटरनेट नसलं की येतंच तसं काहीतरी. तू आधी तार लाव.’ हे वाक्य मी दोन संध्याकाळींत तीन वेळा तरी म्हणालो असेन. एकदा फोटो पाठवायला सांगितला. आला तो फ्लॅशच्या पांढऱ्या गोळ्यासकट, पडद्याचा फक्त मधला भाग. अक्षरांवर नेमका प्रकाश आणि खालची पट्टी कापलेली.

तिसऱ्या दिवशी, १० ऑक्टोबरला, माझ्याकडचे उपाय संपले होते. उपाय संपलेला माणूस प्रश्न विचारू लागतो. मी म्हणालो, ‘आत्ये, सकाळी बटण दाबल्यापासून काय काय होतं ते सगळं सांग. तुला फालतू वाटेल तेही.’

तिने सांगायला सुरुवात केली. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात आणि एफ-वन दाबायला सांगतात. ती दाबते. ‘कधीपासून?’ चार-पाच दिवस झाले. ‘आणि रात्री बंद का केलास?’ विजा. हस्ताचा पाऊस, संध्याकाळ झाली की कडकडाट. मागच्या साली दोन घरांतले टीव्ही गेले. म्हणून हे चार-पाच दिवस ती संध्याकाळी प्लगच उपटून ठेवते. मग ब्राउझर उघडला की ती खिडकी येते. ब्राउझर मीच तिला मराठीत करून दिला होता. ‘काय लिहिलंय तिच्यात?’

‘तुमचे घड्याळ मागे आहे, असा लिवलाहा. मी मागे वळान बघलंय. भिंतीवरचा घड्याळ बरोबर चलता. म्हटलंय, आसात काय तरी.’

मी तिला पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. १ जानेवारी २००९.

संगणकाच्या आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. बहुतेक यंत्रांत ती सीआर२०३२ असते. नावातच माप आहे, वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. प्लग लागलेला असला की यंत्रातलं घड्याळ भिंतीतल्या विजेवर चालतं. प्लग काढला की या बॅटरीवर. चाकरमान्याच्या यंत्रातली बॅटरी कधीच मेलेली असणार, पण मी प्लग काढूच देत नव्हतो म्हणून ते कुणाला कळलं नाही. विजांनी ते उघडं केलं. रोज रात्री यंत्र सगळं विसरायचं आणि रोज सकाळी आपल्या घडणीच्या काळात, २००९ च्या पहिल्या दिवशी, जागं व्हायचं. आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणी अशक्य. प्रत्येक संकेतस्थळ आपली ओळख एका प्रमाणपत्राने पटवतं, त्यावर अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. २००९ मध्ये उभ्या असलेल्या यंत्राच्या दृष्टीने आजची सगळी प्रमाणपत्रं अजून जन्माला यायची होती. त्याने कुणालाच दारात उभं केलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

खरं तर यंत्रांनी आपलं घड्याळ इंटरनेटवरून लावून घ्यावं अशी सोय आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकी प्राध्यापकाने १९८५ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढची कित्येक दशकं ती जपली. जन्मापासून काचबिंदू असलेल्या या माणसाची दृष्टी पुढे पुरती गेली, तरी जगभरातली घड्याळं त्याच्या हिशेबाने चालत राहिली. पण घरगुती संगणकावर नेहमी असते त्या मांडणीत फरक पंधरा तासांहून मोठा निघाला की यंत्र तो आपणहून दुरुस्त करत नाही. दोन-चार सेकंदांची चूक सुधारता येते. पंधरा वर्षांची असेल तर घड्याळ खोटं की विचारलेला माणूस खोटा, हा प्रश्न येतो. मग माणसाला विचारावं लागतं.

आत्याने तारीख बदलली. फोनवर मी सांगत होतो आणि ती प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत होती, ऑ-क्टो-ब-र. एक-दोन मिनिटांत माझ्या यादीतलं करडं नाव निळं झालं. मी पिन टाकून आत शिरलो आणि पहिली नजर गेली ती देवघेवीच्या तक्त्यावर. अकरा वाचकांच्या नावापुढे दंडाचा रकाना लाल होता. चौथीतल्या एका मुलीने गोष्टींचं पातळसं पुस्तक नेलं होतं. दिल्याची तारीख १ जानेवारी २००९, आजवर ५,७६१ दिवस, पंधरा दिवस माफ, रोजचे पन्नास पैसे. दंड २,८७३ रुपये. अर्धविरामाने आपलं काम चोख केलं होतं. ती मुलगी २००९ मध्ये जन्मलेली नव्हती.

‘आत्ये, ही चुकीची तारीख पडते हे तुझ्या लक्षात नाही आलं?’

‘इला ना. म्हणान तर वहीत पेनान लिवलंय.’ तिने कागदी नोंदवहीत अकराही जणांच्या खऱ्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. संगणक त्याचं त्याचं लिहितो, आपण आपलं लिहावं.

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘माका इचारलंस खंय?’ ती रागावली नव्हती. मला वाटतं, ती वहीत बघत खरोखर आठवत होती, की मी शेवटचं काही विचारलं होतं ते केव्हा.

नवी बॅटरी तालुक्याच्या गावाहून आणावी लागेल असं मी धरून चाललो होतो. आत्या दुसऱ्या दिवशी बाजारात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. त्याच्याकडे ती बॅटरी काचेच्या बरणीत होती, गाड्यांच्या किल्ल्यांना आणि वजनकाट्यांना लागते म्हणून. तो स्कूटरवरून आला, डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं, जुनी चकती नखाने उचकटली, नवी बसवली, आतली धूळ फुंकली आणि पन्नासाच्या आत पैसे घेऊन गेला. संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मी त्या वेळी एका बैठकीत होतो. जाताना तो आत्याला म्हणाला म्हणे, की घड्याळ बंद पडलं की लोक आधी माझ्याकडे येतात, ह्यांनी उगाच उशीर केला.

दसऱ्याला सकाळी मी शिरलो. तारीख १२ ऑक्टोबर, वेळ बरोबर, मिनिट नि मिनिट. तक्ता उघडा होता, अकरा तारखा दुरुस्त झालेल्या. बाण मी हलवला नाही. फोन लावला.

‘दिसतं ना सगळं?’ तिने विचारलं.

‘दिसतं.’

‘फुलां दिसतत?’

मी पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. रकाने, तारखा, खालची पट्टी. फुलं कुठेच नव्हती.

‘नाही गं. कुठली फुलं?’

‘डब्यार ठेवलंय. झेंडू नि आपट्याचा पान. वहीवर पण.’ थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग पोरांपैकी कुणाला तरी हाक मारून म्हणाली, ‘रे, ह्येका जरा फोटो काढून धाड. आणि पुरो काढ, पाय कापू नको.’